न ऐकलेल्या वाहनाचा आवाज



‘भविष्यकाळातील शर्यतींच्या व्हिडिओ गेममधील संगीत आणि ध्वनियोजना’ हा आजचा विषय फलकावर वाचूनही आपण इतक्या संख्येने आलात, याबद्दल आम्ही प्रथम आपले आभार मानतो. सभागृहात शिरताना एक वडीलधारे गृहस्थ आम्हांला म्हणाले, “अहो, पोरांच्या खेळातल्या गोंगाटावर तासभर काय बोलणार तुम्ही?” शंका रास्त आहे. वर्षभरापूर्वीपर्यंत आमचेही मत याहून फारसे वेगळे नव्हते. ते कसे बदलले, तेथूनच सुरुवात करतो.

आमचा पुतण्या सुटीत आमच्याकडे राहायला आला होता. दुपारी आम्ही वाचत पडलो होतो आणि शेजारच्या खोलीत त्याची शर्यत चालली होती. शेवटी कंटाळून आम्ही उठलो आणि पडद्याचा आवाज पूर्ण बंद केला. खेळ बंद केला नाही, फक्त आवाज. दोन मिनिटे झाली नसतील, तो आतून तक्रार आली, “काका, काय केलंत हो? गाडी चालतच नाहीये.” आम्ही जाऊन पाहिले. गाडी चालत होती. कोपऱ्यातला वेगाचा आकडाही मघाइतकाच होता. परंतु खरे सांगायचे तर आम्हांलाही ती रेंगाळल्यासारखी वाटली. आवाज पुन्हा सुरू केला आणि तीच गाडी सुसाट धावू लागली. आकडा बदलला नाही, चित्र बदलले नाही, आणि तरी वेग बदलला. हे काय गौडबंगाल आहे, याचा शोध घेता घेता जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: वेग डोळ्यांना दिसतो, अशी आपली समजूत असते, पण त्याचा मोठा हिस्सा आपल्याला कानांनी कळतो. आणि ज्यांनी अस्तित्वातच नसलेल्या वाहनांना आवाज दिला, त्यांना ही गोष्ट आपल्या आधी नीट समजून घ्यावी लागली.

ही वाहने कोणती? दोन खेळ उदाहरणादाखल घेऊ. पहिला जपानचा. क्योटोच्या निंटेंडो कंपनीने १९९० साली आपल्या सुपर फॅमिकॉम या यंत्राबरोबर ‘एफ-झीरो’ नावाचा खेळ बाजारात आणला. त्यातील काळ सव्विसाव्या शतकातला. गाड्यांना चाके नाहीत. त्या जमिनीपासून वर तरंगत धावतात. दुसरा खेळ इंग्लंडचा. लिव्हरपूलच्या सायग्नोसिस या कंपनीने १९९५ साली, सोनीचे प्लेस्टेशन युरोपात विक्रीस आले त्याच वेळी, ‘वाइपआउट’ हा खेळ काढला. त्याची कथा २०५२ सालात घडते. तेथेही चाके नाहीत; गुरुत्वाकर्षणावर मात करून हवेत तरंगणारी निमुळती याने आहेत.

आता विचार करा. मोटारींच्या साध्या शर्यतीचा खेळ करणाऱ्याचे काम एका अर्थी सोपे असते. खरी मोटार आणायची, इंजिनाशेजारी ध्वनिग्राहक ठेवायचा आणि आवाज मुद्रित करून घ्यायचा. आवाज बरोबर की चूक, हे ठरवायला खरी मोटार हजर आहे. परंतु गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तरंगणाऱ्या यानाचा आवाज कोणी ऐकला आहे? ते मुळात आवाज करील काय, हेही कोणाला ठाऊक नाही. म्हणजे येथे नक्कल करायला मूळ नमुनाच नाही. अशा वेळी करायचे काय?

यावरचा उपाय सिनेमावाल्यांना आधीच सापडला होता. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ चित्रपटासाठी बेन बर्ट या ध्वनिकाराने एका शत्रुपक्षीय अंतराळयानाचा आवाज बनवला, तो हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा सरसराट यांच्या मिश्रणातून. अंतराळात हवा नाही, म्हणजे तेथे आवाजही नाही, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तरी प्रेक्षकांनी तो आवाज विनातक्रार मान्य केला. का? कारण त्यातला प्रत्येक घटक कानाच्या ओळखीचा होता. चीत्कारात भीती होती, सरसराटात वेग होता. अनोळखी वस्तूला आवाज द्यायचा तो ओळखीच्या आवाजांतूनच द्यावा लागतो. कान हा मोठा सनातनी इंद्रिय आहे. नव्या पाहुण्याला तो जुन्या ओळखीशिवाय दारात उभा करीत नाही.

मग वेगाच्या बाबतीत कानाची जुनी ओळख कोणती? आपण महामार्गाच्या कडेला उभे आहोत आणि एखादा ट्रक कर्णा वाजवीत शेजारून निघून गेला, की तो कर्णा एकदम खाली उतरल्यासारखा वाटतो. कर्णा तोच असतो. उतरतो तो आपल्या कानात. क्रिस्तियान डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली याची मीमांसा केली. तिचे खरेखोटे पाहण्यासाठी १८४५ साली बॉइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने मोठा मजेदार प्रयोग केला. त्याने आगगाडीच्या उघड्या डब्यावर तुतारी वाजवणारे वादक बसवले आणि रुळांच्या कडेला तयार कानाचे संगीतज्ञ उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न हिमवादळाने उधळला. जूनमध्ये तो पुन्हा केला. वादक एकच स्वर धरून वाजवीत होते, पण कडेच्या मंडळींना गाडी येताना तो चढा आणि जाताना उतरता ऐकू आला. शास्त्राचा निवाडा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या कानांनी केला, असे प्रसंग थोडेच असतील.

आपल्या संगीताच्या भाषेत याचे गणित फार सुंदर बसते. हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,२३५ किलोमीटर असतो. त्याच्या अकराव्या हिश्श्याने, म्हणजे ताशी सुमारे ११२ किलोमीटरने एखादे वाहन आपल्याजवळून गेले, तर येतानाच्या आणि जातानाच्या स्वरांचे प्रमाण सहास पाच होते. जातानाचा स्वर षड्ज मानला, तर येतानाचा स्वर बरोबर कोमल गंधार! महामार्गावरचा ट्रक आपल्याला नकळत गंधारावरून षड्जावर उतरतो. ही उतरण जितकी मोठी, तितका वेग जास्त, हे आपला कान कोणी न शिकवता शिकलेला आहे.

भविष्यातल्या यानांना आवाज देणारे नेमके या शिदोरीवर जगतात. प्रतिस्पर्ध्याचे यान शेजारून गेले, की त्याचा स्वर खाली घसरतो. स्वतःच्या यानाचा स्वर वेगाबरोबर चढत जातो. मोटारीत गिअर बदलला की स्वर खाली येऊन पुन्हा चढू लागतो. तेथे पायऱ्या असतात. या यानांत गिअर जाणवू द्यायचे नसतात, म्हणून पायऱ्यांऐवजी एक लांब मींड असते. तिच्यावर वाऱ्याचा घोंघाट चढवतात, आणि बोगदा आला की सगळ्याला घुमारा देतात. गंमत अशी की, येथे शास्त्र काटेकोर पाळले तर खेळच बिघडेल. २००३ सालच्या ‘एफ-झीरो जीएक्स’मध्ये वेगाचा आकडा ताशी हजार किलोमीटरच्या पुढे सहज जातो. ध्वनीपेक्षा वेगवान वाहन जवळ येऊन गेल्याशिवाय ऐकूच येत नाही. म्हणून हे कलावंत डॉप्लरला अर्ध्या वाटेवर थांबवतात. शास्त्राकडून रस्ता विचारायचा, पण मुक्काम कानाने सांगितला तेथे करायचा, अशी ही रीत आहे.

येथवर आवाजाची गोष्ट झाली. आता संगीताकडे वळू.

‘एफ-झीरो’च्या संगीतकारांपुढे, म्हणजे युमिको कान्की आणि नाओतो इशिदा यांच्यापुढे, अडचण होती ती जागेची. सुपर फॅमिकॉममधील ध्वनियंत्राला एका वेळी फक्त आठ आवाज काढता येत आणि त्याची स्मृती होती ६४ किलोबाइट. ही जागा किती? आज आपण जिला सीडी म्हणतो, तिच्या प्रतीचे संगीत त्यात भरायचे झाले, तर सेकंदाच्या चार दशांशाइतकेही मावणार नाही. म्हणून गाणे मुद्रित करून ठेवणे शक्यच नव्हते. वाद्यांच्या आवाजाचे लहान लहान तुकडे दाबून भरायचे आणि कोणता स्वर केव्हा वाजवायचा याचे टिपण यंत्राला द्यायचे. यंत्र ते ऐनवेळी वाजवून दाखवी. आठ वादकांची मंडळी बसवून त्यांना स्वरलेखन हाती द्यावे, असाच हा प्रकार. अशा तुटपुंज्या सामग्रीत नाद समृद्ध करता येत नाही, म्हणून त्यांनी चालीवर भर दिला. प्रत्येक शर्यतमार्गाला स्वतःची चाल. त्यांतल्या एका मार्गाचे नाव ‘म्यूट सिटी’, म्हणजे मूक नगरी; आणि याच मूक नगरीची चाल आज तीन दशकांनंतरही लोकांच्या तोंडी आहे. पहिले दोन-चार स्वर ऐकले की खेळणाऱ्याला पुढची वळणे आठवू लागतात.

लिव्हरपूलची कथा निराळी. ‘वाइपआउट’च्या निर्मात्यांपैकी निक बर्कोम यांनी स्वतः सांगितले आहे की, ते घरी शर्यतीचा एक निंटेंडो खेळ खेळत असताना त्यांनी त्यातला आवाज बंद केला आणि शेजारी आपल्या आवडीचे ट्रान्स पद्धतीचे नृत्यसंगीत लावले. खेळ तोच, गाडी तीच. पण अनुभव पालटला, एकाग्रता वाढली, आणि हे संगीत खेळाच्या आतच हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. आमच्या घरी जे रागाच्या भरात उलट दिशेने घडले, ते त्यांनी डोळसपणे करून पाहिले होते!

योग असा की, तोवर साधनेही आली होती. ज्या केन कुतारागी यांनी सुपर फॅमिकॉमचे ते आठ आवाजांचे यंत्र रचले, तेच पुढे प्लेस्टेशनचे जनक ठरले. प्लेस्टेशनचे खेळ सीडीवर येत. आता संगीत पूर्ण मुद्रित स्वरूपात देता येऊ लागले. इतके की ‘वाइपआउट’ची तबकडी साध्या सीडी वाजवण्याच्या यंत्रात घातली, तर पहिला माहितीचा भाग सोडून पुढे नुसते संगीत ऐकता येई. ‘कोल्ड स्टोरेज’ या टोपणनावाने लिहिणारे टिम राइट यांनी त्यातले बहुतेक संगीत रचले. युरोपातल्या आवृत्तीत लेफ्टफील्ड, ऑर्बिटल आणि केमिकल ब्रदर्स या त्या वेळच्या नामांकित मंडळींच्या रचनाही होत्या. १९९६ सालच्या ‘वाइपआउट २०९७’मध्ये प्रॉडिजी, अंडरवर्ल्ड आणि इतर आले. इंग्लंडमधील तरुण शनिवारी रात्री नृत्यगृहात जे ऐकत, तेच रविवारी दिवाणखान्यात बसून ऐकू लागले.

पण आमच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट नावांची नाही, लयीची आहे. या नृत्यसंगीतात मिनिटाला साधारण १२० ते १५० ठोके असतात आणि ते शेवटपर्यंत जराही हलत नाहीत. १४० ठोके धरले आणि यानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरला, तर दोन ठोक्यांच्या मध्ये यान सुमारे ६० मीटर पुढे जाते. २००२ सालच्या ‘वाइपआउट फ्यूजन’पासून या मालिकेत ‘झोन’ नावाचा एक प्रकार आला. त्यात यान आपोआप वेग घेत राहते, थांबवता येत नाही, आणि ते मोडेपर्यंत आपण टिकून राहायचे. वेग वाढत जातो. आता आपण सहज म्हणू की, मग संगीताची लयही वाढवली पाहिजे. ती वाढवीत नाहीत. ठोका तोच राहतो. पहिल्या फेरीत चार ठोक्यांत एक वळण येत होते; काही वेळाने त्याच चार ठोक्यांत दोन येतात, मग तीन, मग चार.

श्रोतेहो, हे आपल्याला नवे आहे काय? धृपद गाणारा पखवाजाचा ठेका तोच ठेवून दुगुन करतो, तिगुन करतो, चौगुन करतो. ठेका बदलत नाही, म्हणून तर चौगुनीचा वेग कळतो. ठेकाही बरोबरीने पळू लागला, तर मोजायचे कशाने? स्थिर ठोका ही वेगाची मोजपट्टी आहे. लिव्हरपूलच्या त्या मंडळींनी धृपद ऐकले होते, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. मनुष्याचा कान सर्वत्र एकच आहे, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे. आमच्या पुतण्याची गाडी आवाज बंद होताच का रेंगाळली, याचे उत्तर आम्हांला येथे मिळाले. आम्ही त्याचा गोंगाट बंद केला नव्हता. त्याची मोजपट्टी काढून घेतली होती.

आणखीही एक गोष्ट आम्ही काढून घेतली होती. शर्यतीत डोळे समोर खिळलेले असतात. मागे काय चालले आहे, हे कान सांगतात. ‘एफ-झीरो’त गाडीची शक्ती संपत आली की धोक्याची घंटी वाजते. ‘वाइपआउट २०९७’मध्ये कोणते अस्त्र हाती आले, हे एक यांत्रिक आवाज उच्चारून सांगतो, म्हणजे नजर हलवावी लागत नाही. मानसशास्त्रज्ञांच्या मोजमापांनुसार प्रकाशाच्या खुणेपेक्षा ध्वनीच्या खुणेला मनुष्य सेकंदाच्या काही शतांशांनी लवकर प्रतिसाद देतो. ताशी ५०० किलोमीटरच्या वेगात चार शतांश सेकंद म्हणजे साडेपाच मीटर. शर्यत तेवढ्यावर जिंकली किंवा हरली जाते.

आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचा आक्षेप. हे सारे मान्य केले तरी शेवटी गोंगाट तो गोंगाटच ना? यावर आमची दोन उत्तरे आहेत, आणि पहिले त्यांच्याच बाजूचे आहे. कानावर यंत्र चढवून तासन्‌तास मोठ्या आवाजात खेळणे अपायकारक आहे, यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत, आणि मुलांसाठी त्याहून कमी, ७५ डेसिबल, अशी मर्यादा सुचवली आहे. तेव्हा मुलांचा आवाज कमी जरूर करावा. बंद मात्र करू नये. आणि एकदा तरी त्यांच्याशेजारी बसून ऐकावे. शास्त्रीय गाणे न कळणारा मनुष्य तानेला काय म्हणतो, हे आपण जाणतोच. न कळलेल्या कलेला गोंगाट म्हणण्याची चूक आपल्या बाबतीत झाली की आपण चिडतो. दुसऱ्याच्या बाबतीत ती आपण करू नये.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. १९९५ साली जे संगीत उद्याचे म्हणून निवडले, ते आज ऐकताना कोणालाही २०५२ आठवत नाही, १९९५च आठवते. २०१७ साली ‘वाइपआउट ओमेगा कलेक्शन’ निघाले, तेव्हा त्यात नवी गाणी घातली गेली. सायग्नोसिसचे पुढे सोनीच्या लिव्हरपूल कलागृहात रूपांतर झाले होते. ते २०१२ साली बंद पडले. भविष्य फार लवकर जुने होते, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण ज्या प्रश्नाने या लोकांना गाठले होते, तो प्रश्न जुना झाला नाही. तो खेळातून बाहेर पडून आता आपल्या रस्त्यावर आला आहे.

विजेवर चालणारी मोटार मंद वेगात जवळजवळ आवाजच करीत नाही. अंध पादचाऱ्याला, रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला, गल्लीत खेळणाऱ्या पोराला ती आल्याचे कळत नाही. म्हणून युरोपीय संघाने २०१९ सालापासून विजेच्या मोटारींच्या नव्या प्रकारांना आणि २०२१ सालापासून सर्व नव्या विजेच्या मोटारींना मंद वेगात, म्हणजे ताशी २० किलोमीटरपर्यंत, कृत्रिम आवाज काढण्याची सक्ती केली. आणि तो आवाज कसा असावा? वेगाबरोबर त्याचा स्वर बदलला पाहिजे, असे नियमातच लिहिले आहे. म्हणजे मोटार जवळ येते आहे, वेग घेते आहे की थांबते आहे, हे ऐकणाऱ्याला कळावे. या मोटारींचे आवाज घडवण्यासाठी कंपन्या संगीतकार नेमू लागल्या आहेत; बीएमडब्ल्यूने तर हान्स झिमर यांच्यासारख्या विख्यात चित्रपट-संगीतकाराची मदत घेतली.

इंजिन नसलेल्या वाहनाचा आवाज कसा असावा? क्योटोत आणि लिव्हरपूलला हा प्रश्न करमणुकीसाठी विचारला गेला होता. आज त्याच्या उत्तरावर एखाद्या आंधळ्या माणसाचा जीव अवलंबून असतो. आणि उत्तर देणाऱ्यापुढे सामग्री तीच आहे: वेगाबरोबर चढणारा स्वर, ओळखीच्या आवाजांतून घडवलेला अनोळखी आवाज, आणि ऐकणाऱ्याच्या कानावरचा विश्वास. मुलांच्या खेळात मोठ्यांच्या उपयोगाची विद्या अशी नकळत साठत असते.

हे आवाज उद्या आपल्या गावातही मोठ्या संख्येने येतील. ते कसे असावेत, हे परदेशातल्या एखाद्या ध्वनिशाळेत ठरेल आणि आपण मुकाट्याने ऐकून घेऊ, असे होऊ नये. ज्या समाजाने श्रुती मोजल्या, ठेका आणि लय यांचे शास्त्र रचले, त्याला आपल्या रस्त्यांच्या आवाजाविषयी काही मत असायला हरकत नाही. नाहीतर कर्ण्यांच्या कल्लोळात आणखी एक भर, एवढाच त्याचा अर्थ उरेल.

जाता जाता एवढेच सांगतो. सुटी संपून पुतण्या परत जायला निघाला, तेव्हा आम्ही त्याला म्हटले, “अरे, जाण्याआधी एक शर्यत होऊ दे. आणि आवाज राहू दे हं.” तो हसला. आम्ही डोळे मिटून शेजारी बसलो. यान कोठे वळते, कोठे बोगद्यात शिरते, कोण मागून येऊन पुढे निघून जाते, हे सारे आम्हांला कळत होते. शेवटच्या वळणावर तो आपटला, हेही त्याने सांगण्यापूर्वी आम्हांला कळले होते.